सागाचं खोड पाऊस सांगतं, पण किती खात्रीनं?

आपल्या शहापूर-मुरबाडच्या जंगलातला साग तुम्ही पाहिलाच आहे. त्याच्या कापलेल्या खोडावर गोल वलयं दिसतात. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, पावसाळ्यात वाढतो. म्हणून साधारणपणे एका वर्षाचं एक वलय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातल्या सागाच्या वलयांवरच अभ्यास प्रसिद्ध केला होता.

मग अरुंद वलय म्हणजे दुष्काळच का? नाही! कीड, वणवा किंवा शेजारच्या झाडाची सावली यामुळेही वाढ खुंटते. म्हणून अनेक झाडांची वलयं वर्षागणिक जुळवून सरासरी काढतात.

समजा, एका झाडावरून काढलेल्या पावसाच्या अंदाजात ४०० मिमी चूक होऊ शकते. १६ झाडं घेतली तर १६ चं वर्गमूळ ४; म्हणून चूक ४०० ÷ ४ = १०० मिमी.

पण थांबा. सोळाही झाडं ओढ्याकाठची असतील तर? पाऊस कमी पडला तरी त्यांना ओल मिळते. सगळी एकाच बाजूला चुकतात. अशी सामायिक चूक सरासरीनं जात नाही. तिथे वेगळ्या जातीचा साक्षीदार लागतो: पर्जन्यमापकाची नोंद, विहिरीची पातळी, जुने कागद.

पर्जन्यमापकही फक्त आपल्या जागेचंच सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. मग मुंबईच्या आकड्यावरून मुरबाडचा पाऊस कसा ठरवायचा?

म्हणून वलयं आणि मोजलेला पाऊस, दोन्ही उपलब्ध असलेल्या वर्षांवरून नियम बसवतात. त्यातली काही वर्षं मुद्दाम बाजूला ठेवून नियम तपासतात. उत्तरही '२५०० मिमी' असं न देता '२४०० ते २६००' असं देतात.

हे कशासाठी? तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. वाईट वर्षं किती वेळा येतात हे खोट्या खात्रीनं सांगितलं, तर पाण्याचं नियोजन चुकतं आणि हंडा घेऊन चालावं लागतं आपल्याच आयाबहिणींना.

उपक्रम : गावातल्या पाच आजी-आजोबांना वेगवेगळं भेटा. 'विहीर कोणत्या वर्षी लवकर आटली?' असं विचारा. एकत्र बसवून विचारू नका. का बरं? विचार करून वहीत लिहा.