"मी फक्त माल पोचवतो": अफूच्या धंद्यातून युद्ध कसं पेटलं, आणि त्यात आपल्यासाठी काय धडा आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत अफूच्या युद्धाची गोष्ट सांगितली, पण सगळी काही त्यात बसली नाही. आकडे आणि साखळी नीट लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो. सावेडीतल्या आपल्या रविवारच्या बॅचला एक मुलगा येतो. त्याने कर्ज काढून छोटा टेम्पो घेतलाय. एमआयडीसीतल्या भाड्यांवर हप्ता कसाबसा निघतो. मागच्या महिन्यात त्याला एकाने ऑफर दिली. रात्री राज्याच्या हद्दीवरून खोकी उचलायची, नगरमध्ये उतरवायची, भाडं नेहमीच्या तिप्पट. खोक्यात काय आहे ते विचारायचं नाही. आता खोक्यात काय असणार ते तुम्हालाही कळलं, त्यालाही कळलं होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो मला म्हणाला, "सर, मी बनवत नाही, विकत नाही, खात पण नाही. मी फक्त माल पोचवतो. यात माझं काय चुकलं?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण याच विचारावर एकेकाळी जगातला एक फार मोठा धंदा उभा होता, आणि त्याचं एक मोठं केंद्र आपली मुंबई होती. ती गोष्ट आधी बघू.

१. सुरुवात चहाच्या बिलापासून

इंग्रजांना चहाची सवय लागली. १७८४ मध्ये ब्रिटिश सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मागणी आणखी वाढली. तेव्हा चहा मिळायचा फक्त चीनमध्ये, आणि विकत घ्यायची जागा एकच, कॅन्टन बंदर (आजचं ग्वांगझो). तिथेही चिनी सरकारने नेमून दिलेल्या ठरावीक व्यापाऱ्यांशीच व्यवहार करायचा.

अडचण अशी की चीनला इंग्रजांच्या मालाची फारशी गरज नव्हती. त्यामुळे चहाचे पैसे रोख चांदीत मोजावे लागायचे. तुमच्या दुकानातून माल रोज बाहेर आणायचा आणि गल्ल्यात काहीच पडायचं नाही, असा हा व्यवहार. ईस्ट इंडिया कंपनीला चीनमध्ये खपेल असा एखादा माल हवा होता. तो माल हिंदुस्थानात सापडला: अफू.

पण चीनमध्ये अफूवर बंदी होती. पहिला हुकूम १७२९ चा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तर आयातच बेकायदा होती. मग माल गेला कसा?

२. साखळी: प्रत्येकाचे हात स्वच्छ

हा भाग नीट वाचा, कारण खरा धडा इथे आहे.

बिहार आणि बनारसकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. कंपनी शेतकऱ्याला उचल द्यायची, माल ताब्यात घ्यायची आणि कलकत्त्यात उघड लिलाव करायची. लिलावात बोली संपली की कंपनीचा संबंध संपला. कंपनीची स्वतःची जहाजं अफू नेत नसत, कारण कॅन्टनमध्ये चहाचा परवाना धोक्यात आला असता. माल न्यायचे खासगी व्यापारी.

खासगी व्यापारीही कॅन्टनमध्ये पेट्या उतरवत नसत. बाहेर लिंटिन बेटाजवळ जहाजं नांगरून गोदामासारखी उभी असायची. तिथून चिनी तस्कर वेगवान होड्यांनी माल उचलायचे. बंदरातले अधिकारी हप्ता घेऊन दुसरीकडे बघायचे.

विकलेल्या अफूची चांदी व्यापारी कॅन्टनमध्ये कंपनीच्याच खजिन्यात भरायचे आणि बदल्यात लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायचे. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घ्यायची. बघा, वर्तुळ पूर्ण झालं. इंग्लंडमधून चांदी आणायची गरजच उरली नाही.

आता प्रत्येकाला विचारा. शेतकरी म्हणेल, मी पीक घेतलं. कंपनी म्हणेल, मी लिलाव केला. जहाजवाला म्हणेल, मी पोचवलं. कुणीच चीनचा कायदा मोडत नाही, आणि कायदा मात्र रोज मोडला जातोय.

३. माळवा आणि मुंबई

आपला संबंध इथे येतो. बिहारची अफू कंपनीच्या हातात होती, पण माळव्यातली नव्हती. माळवा म्हणजे उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसौरचा भाग, शिंदे-होळकरांचा मुलूख. आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीच्या अहिल्यादेवींनी ज्या होळकर राज्याचा कारभार पाहिला, तोच हा प्रदेश. अफूची ही तेजी मात्र त्यांच्या नंतरची. माळव्यातले सावकार शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि माल मुंबईकडे निघायचा.

कंपनीला ही स्पर्धा नको होती. १८१८ मध्ये मराठ्यांची सत्ता गेल्यावर कंपनीने संस्थानिकांशी करार करून माल अडवायचा प्रयत्न केला. व्यापाऱ्यांनी राजस्थानातून कराचीकडचा आणि पुढे पोर्तुगीजांच्या दमणचा रस्ता धरला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने अडवणं सोडलं आणि टोल लावला. मुंबईतून माल न्यायचा तर पेटीमागे १७५ रुपये भरा आणि पास घ्या. दमणची स्पर्धा असेपर्यंत ही फी फार वाढवता आली नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीचा रस्ता बंद झाला आणि १८४७ पर्यंत फी ४०० रुपयांवर गेली. पर्याय संपला की भाव कोण ठरवतो, हे आपण प्राइसिंगच्या व्हिडिओत पाहिलंय.

बिहार आणि माळवा यांच्या स्पर्धेत एक गोष्ट घडली. दोघांनीही माल वाढवला. भाव उतरले, गिऱ्हाईक वाढलं. १८०० च्या सुमारास चीनमध्ये वर्षाला साधारण चार हजार पेट्या जात होत्या. १८३० चं दशक संपताना हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास पोचला. एका पेटीत साधारण साठ किलो अफू. १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी संपली आणि खासगी व्यापाऱ्यांची गर्दी आणखी वाढली.

मुंबईतलं यातलं सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभॉय. लहान वयात आईवडील गेले. मुंबईत मामांच्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केली. पाच वेळा चीनला जाऊन आले. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. ही ओळख पुढे जार्डिन मॅथेसन कंपनीबरोबरच्या मोठ्या व्यापारात बदलली. जमशेटजींचे भागीदार बघा: मोतीचंद अमीचंद यांचे माळव्याशी संबंध, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे यांच्याकडे जहाजं, आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया यांची दमणमध्ये ओळख. कच्चा माल, वाहतूक, बंदर आणि परदेशातला अडत्या, सगळं एकत्र. नेटवर्किंग शिकायचं तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे.

४. १८३९: डेड स्टॉक

अफूपायी चीनची चांदी उलटी बाहेर वाहू लागली. तिथला शेतकरी तांब्याच्या नाण्यांत कमवायचा आणि कर चांदीच्या हिशोबाने भरायचा. चांदी महागली, म्हणजे अफूला हात न लावणाऱ्याचाही कर वाढला. व्यसनात गेलेली घरं वेगळीच.

दाओगुआंग बादशहाने लिन झेशू या कडक अधिकाऱ्याला कॅन्टनला पाठवलं. मार्च १८३९ मध्ये तो पोचला आणि आठवडाभरातच त्याने हुकूम काढला: सगळी अफू जमा करा. परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती त्याने वेढली.

तेव्हा बाजार आधीच थंड होता. धरपकडीमुळे गिऱ्हाईक गायब, माल पडून. अशा वेळी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स इलियटने व्यापाऱ्यांना सांगितलं, माल माझ्याकडे द्या, भरपाई ब्रिटिश सरकार देईल. व्यापाऱ्यांना काय पाहिजे? न खपणाऱ्या मालाचं एका झटक्यात सरकारी येणं झालं. २०,२८३ पेट्या जमा झाल्या, म्हणजे हजार टनांहून जास्त अफू. लिनने ती हुमेन इथे खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून नासवली आणि समुद्रात सोडली. काम तीन आठवड्यांहून जास्त चाललं. ही घाण समुद्रात जाणार म्हणून त्याने आधी समुद्रदेवतेची क्षमाही मागितली.

त्या पेट्यांमधला बराच माल मुंबईच्या व्यापाऱ्यांचा होता, अडतीवर पाठवलेला. आपला शेतकरी मार्केट यार्डात कांदा घालून पट्टीची वाट बघतो ना, तसंच. फरक एवढाच की यांना पट्टीसाठी चार वर्षं थांबावं लागलं. या काळात इथल्या देणेकऱ्यांना काय सांगायचं?

५. लढाई आणि बिल

इलियटने शब्द दिला, पण लंडनच्या सरकारला एवढे पैसे खिशातून द्यायचे नव्हते. जार्डिन लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटला. अफूचं बिल हे एकच कारण नव्हतं. कॅन्टनची बंधनं मोडून चीनची बाकीची बंदरं उघडायची, हीही जुनी इच्छा होती. एप्रिल १८४० मध्ये संसदेत सरकारविरुद्ध ठराव आला. तो २७१ विरुद्ध २६२, फक्त नऊ मतांनी पडला.

आरमार गेलं, हिंदुस्थानी शिपाईही गेले. वाफेवर चालणाऱ्या लोखंडी जहाजांपुढे चिनी आरमाराचं काही चाललं नाही. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांना, पाच बंदरं खुली, आणि २ कोटी १० लाख डॉलर दंड. त्यातले ६० लाख नासवलेल्या अफूचे. म्हणजे ज्याचा कायदा मोडला त्याच्याकडूनच बिल वसूल. हा तह ज्या "कॉर्नवॉलिस" जहाजावर झाला ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं होतं. आणि तहात अफूबंदीबद्दल काहीच ठरलं नाही. धंदा चालूच राहिला, आणि १८५६ ते १८६० दुसरं युद्ध झालं.

६. पैसा कुठे गेला?

१८४२ मध्ये जमशेटजींना "सर" ही पदवी मिळाली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय, पुण्यात बंड गार्डनचा बंधारा, हे त्यांच्या दानातून. त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला. पुढे डेव्हिड ससून यांच्या घराण्याने अफूच्या व्यापारात आघाडी घेतली. नगरहून आपण पेशंट घेऊन ज्या ससूनला जातो, ते त्याच नावाचं.

त्या काळी अफू इथे कायदेशीर होती, औषध म्हणून घरात असायची. त्यामुळे आजच्या मापाने कुणाला गुन्हेगार ठरवायला मी बसलेलो नाही. त्या दवाखान्यांत लाखो गरीब बरे झाले हेही खरं. पण चीनमधल्या ज्या घरांतून हा पैसा आला, त्यांच्यासाठी या हिशोबात रकाना नव्हता.

त्याच काळात एकाने वेगळं केलं. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढी अफू आणि दारूचा व्यवहार करते हे त्यांना पटलं नाही. त्यांनी भागीदारी सोडली आणि १८५९ मध्ये कापसाची स्वतःची पेढी काढली. लगेच भरभराट झाली का? नाही. पुढे ती पेढी अडचणीतही आली. मी तुम्हाला गोड शेवट विकणार नाही. पण त्यांच्या शब्दाची किंमत कुणी कमी केली नाही.

७. आपल्यासाठी धडे

एक, आपला तुकडा स्वच्छ आहे म्हणून धंदा सुरक्षित होत नाही. साखळीच्या शेवटी काय होतं ते माहीत करून घ्या.

दोन, जास्त मार्जिन म्हणजे बहुतेक वेळा जोखमीचं भाडं. ती जोखीम कुणाच्या नावावर आहे ते बघा. लिनने वेढा दिला तेव्हा कलकत्त्यात लिलाव करणाऱ्या कंपनीचे पैसे आधीच वसूल झाले होते. अडकला तो ज्याचा माल होता.

तीन, ज्या धंद्यात गिऱ्हाईक खालावत जातं तेव्हाच नफा वाढतो, तो धंदा एक दिवस कुणीतरी बंद करायला येतंच.

चार, दान हे वेगळं खातं आहे. त्याने विक्रीच्या खात्यातली नोंद खोडली जात नाही.

त्या मुलाला मी फळ्यावर एवढंच लिहून दाखवलं. माल त्याचा, पैसा त्याचा, गिऱ्हाईक त्याचं. टेम्पो तुझा, कर्ज तुझं, लायसन्स तुझं, नाव तुझं. गाडी जप्त झाली तरी हप्ता थांबत नाही. तो बराच वेळ फळ्याकडे बघत बसला. त्याने अजून ठरवलेलं नाही. पाच तारखेला हप्ता आहे. पाइपलाइन रोड, एमआयडीसी भागात कुणाकडे नियमित, सरळ भाडं असेल तर क्लासमध्ये येऊन सांगा. उपदेशापेक्षा त्याला त्याचा उपयोग जास्त आहे.

गृहपाठ: तुमच्या धंद्याची साखळी कागदावर काढा. कच्चा माल कुठून येतो इथपासून शेवटचं गिऱ्हाईक तो वापरून काय करतं इथपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा: पैसे कुणाला, जोखीम कुणाला, नुकसान कुणाला. एखाद्या ठिकाणी पेन अडखळलं तर तिथेच थांबा, तो कागद रविवारी घेऊन या. आपण एकत्र बसून बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, डोळे उघडे ठेवून करा.