पोरी, फावडं उचलण्याआधी

दर रविवारी नाशिकच्या फाशीच्या डोंगरावरच्या देवराईत श्रमदानाला पळतेस, पाण्याची बाटली मात्र घरीच राहते. त्या देवराईत २०१५ पासून आपलं पर्यावरण संस्थेची माणसं देशी झाडं वाढवताहेत. त्यांच्यासोबत राबायचं तर एवढं ऐकून जा.

१. खड्डा खणण्याआधी जवळच्या जुन्या बांधावर आपसूक काय वाढलंय ते बघ — एकाच जिल्ह्यात इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि येवला-नांदगाव ढगांकडे बघत बसतात. डोंगराला विचारून झाड, विहिरीला विचारून पीक.

२. एकाच झाडाखाली बसून पिशवी भरू नकोस, दहा-बारा झाडांचं थोडं थोडं बी घे — सगळी एकाच आईची लेकरं असली की एकच रोग सगळ्यांना गाठतो.

३. निंबोळी गोळा केलीस की त्याच आठवड्यात पेर, ती फार दिवस जीव धरत नाही. बहाव्याचं बी वर्षभर थांबेल, पण पेरण्याआधी खरखरीत दगडावर घास — कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही.

४. गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतापुरतं ठेव, डोंगरावर नेऊ नकोस — मध्य अमेरिकेतून आलेलं झाड, आपल्या पाखरांची भूक त्याला कळत नाही. हिरवं दिसलं म्हणून घरचं झालं नाही.

५. होळीच्या आधी रोपांभोवतीचं वाळलेलं गवत काढून जाळपट्टा मोकळा कर — वर्षभराची मेहनत वणवा एका दुपारी खातो.

६. नागलीचं बियाणं उभ्या पिकातून निवड, चांगल्या कणसांना दोरा बांधून ठेव — खळ्यावरच्या राशीत सगळे दाणे सारखेच दिसतात. पावसाने ताण दिला तेव्हा कोणतं ताट उभं राहिलं, ते वावरातच कळतं. भोपळ्याचं बी धरायचं असेल तर दोन जाती शेजारी लावू नकोस, मधमाशी बांध ओळखत नाही.

७. कुणाकडून बी नेलंस तर पुढच्या हंगामात दुप्पट परत कर — कळसूबाईच्या पलीकडे कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावठी वाणांचं एवढं मोठं धन सांभाळून बसल्या. २०२० साली पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं बियाणं लोकांच्या वावरात उगवत होतं.

८. पावसाळ्यात संध्याकाळी फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ चारचौघांत मोठ्याने वाचा — पाला-शेणाचा कस ओढ्याला वाहून जाऊ नये, म्हणून ताली-बंधारे घाला, हे त्यांनी १८८३ मध्येच मांडलं. वाचून झालं की उठून आपल्याच वावराची ताल कुठे फुटलीय ते बघून या.

९. पेठ-सुरगाण्याच्या आज्यांकडून रानभाज्या शिकलीस, तर वहीत लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखव — चुकलं ते त्या दुरुस्त करतील, आणि राहिलेली अर्धी माहिती तेव्हाच बाहेर येते. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस.