आधी नोंदणी, मग उद्घाटन

तालुक्याच्या गावात माजी सैनिकांची संघटना काढायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत चर्चा रंगते ती फ्लेक्सची आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं याची. आमच्याकडेही तेच झालं. सातारा जिल्हा फौजींचा, इथल्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. माणसं लगेच जमली, वर्गणीही जमली. संस्थेची नोंदणी नव्हती, म्हणून पैसे खजिनदारांच्या स्वतःच्या खात्यात ठेवले. माणूस अत्यंत सचोटीचा. पण ते अचानक गेले, आणि त्या खात्यातले संघटनेचे किती, हे दाखवणारा एक कागद आमच्याकडे नव्हता. सुतकाच्या घरात हिशेब मागायला कोण जाणार? मग कुजबुज सुरू झाली. पैसे गेले त्याचं काही नाही, पण एका प्रामाणिक माणसाच्या नावाला मरणानंतर डाग लागला, ते मला आजही सलतं.

म्हणून सांगतो, नोंदणीआधी रुपयाही गोळा करू नका. किमान सात सभासद, घटना आणि नियमावली घेऊन धर्मादाय कार्यालयात जा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशी दोन्ही प्रमाणपत्रं घ्या. मग संस्थेच्या नावाने खातं काढा, दोघांच्या सह्यांचं. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की पुढे दोन गट आणि दोन अध्यक्ष ठरलेले. राजकीय निवडणुकीत पाठिंब्यासाठी लेटरहेड कुणालाही देऊ नका.

हुद्द्याचा मान जरूर ठेवावा, पण मत प्रत्येकाला एकच. सुभेदारसाहेब बोलत असताना मागे बसलेला शिपाई तोंड उघडत नाही. त्याला मुद्दाम विचारावं लागतं.

आणि वीरपत्नींना, माजी सैनिकांच्या विधवांना पहिल्या दिवसापासून सभासद करा. आमच्याकडे एक काकू प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घेऊन आल्या. फौजेच्या रेकॉर्डला त्यांचं माहेरचं नाव, आधारवर लग्नात ठेवलेलं. तेवढ्यावर कौटुंबिक पेन्शन अडली होती. प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून रेकॉर्ड ऑफिस, असे हेलपाटे एकट्या बाईने कसे घालायचे? संघटना हवी ती यासाठी. नोव्हेंबरात म्हाताऱ्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर भरून द्यायला एक जाणता मुलगा बसवला, तरी सत्कारसमारंभापेक्षा मोठं काम होतं.

संघटना व्हायची तेव्हा होईल. फौजी भावांनो, तुमचा पीपीओ आजच काढा, त्यावरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. फरक असेल तर तुम्ही हयात आहात तोवर दुरुस्त करून घ्या.