घाटरस्ता आणि सायकल

माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या परिसरात टँकरांची वर्दळ अखंड असते. येथील सायकलस्वारास डोंगरातील निवांत रस्ता हवा असल्यास पहाटेच निघून वाशीचा पूल ओलांडावा लागतो व पनवेलमार्गे खोपोली गाठावी लागते. तेथे बोरघाट सुरू होतो. १८३० साली खुल्या झालेल्या या घाटातील गाडीरस्त्याने कोकण व देश जोडले गेले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटांचा राजा’ याच चढावर ठरतो. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई असल्याने शिंगरोबा मंदिरावरून जाणारा जुना रस्ता विशेष मोलाचा आहे.

नागमोडी वळणांमुळे अंतर वाढते, परंतु चढ सौम्य होतो. हलका गिअर वेळीच घेतल्यास दम टिकतो. खरा धोका उतारावर असतो. ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची धाव तापते. ती ओली असल्यास ब्रेक उशिरा लागतो. वळणावरील खडीवरून चाक घसरते.

आपल्या हद्दीतील घाटात साचलेली खडी वा तुंबलेले गटार दिसताच पंचायत सदस्यांनी सार्वजनिक बांधकाम विभागास कळवावे आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना उतारावर वळणापूर्वीच वेग कमी करण्यास शिकवावे. एवढ्या दक्षतेनेही अनेक अपघात टळू शकतील.