टीपॉय आणि सुरतेची सादेली

‘टीपॉय’ या शब्दाचा चहाशी मुळात संबंध नाही. आपल्या तिपाईचे इंग्रजांनी केलेले ते रूप. पुढे चार पाय आले, नाव तेच राहिले. हा टीपॉय सजवायचा म्हणजे आपल्याकडे क्रोशाचा रुमाल, वर काच आणि प्लॅस्टिकची फुले. लाकूड दिसतच नाही!

सुरतेची सादेली लाकूडच दाखवते. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या बारीक त्रिकोणी, चौकोनी काड्या करून त्या चिकटवून जुडगा बांधतात. तो वाळला की बाकरवडीच्या गुंडाळीसारखा आडवा कापायचा. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी! हिशेबाच्या भाषेत, जुडग्याची मजुरी अनेक चकत्यांवर विभागली जाते. पण चकत्या जुळवून बसवण्याची मजुरी क्षेत्रफळाबरोबर वाढतच जाते. म्हणून सबंध टीपॉय मढवू नये. कडेने दोन बोटे रुंद पट्टी पुरे. मधले लाकूड मोकळे ठेवावे, फार तर एक पितळी वाटी.

पांढऱ्या रंगासाठी पूर्वी हस्तिदंत वापरीत. त्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर हाड, प्लॅस्टिक आले. म्हैसूरच्या शिसवी जडावकामातही हेच घडले. मात्र तेथे लाकूड कोरून तुकडा आत बसवतात, सादेलीची चकती पृष्ठभागावर चिकटवलेली असते. त्यामुळे ओले फडके आणि गरम भांडे तिच्यापासून दूर ठेवावे.

हे काम करणारी घरे सुरतेत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तेथे भाव करताना सनमायकाचा दर मनात धरून जाऊ नये.