योनाचे भय आणि खलाशांचे भय

इयत्ता नववीच्या शास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, देव प्रीती आहे असे आपण सांगता, आणि देवाचे भय धरा असेही सांगता. ज्याच्यावर प्रीती करावयाची त्याला भ्यावयाचे कसे?" मी तत्काळ उत्तर दिले की, येथे भय म्हणजे आदर असे समजावे. मुलगा मुकाट्याने खाली बसला. मुलाच्या अशा मुकाट्याने बसण्याचा अर्थ शिक्षकाला कळतो. त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. आदर आपण पाहुण्यांचा करतो, वडीलधाऱ्यांचा करतो, परीक्षा घेण्यास येणाऱ्या साहेबांचाही करतो. पवित्र शास्त्रातील देवाचे भय इतके सौम्य नाही. जळत्या झुडपापुढे मोशेने आपले तोंड झाकून घेतले, ते काही शिष्टाचार म्हणून नव्हे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असता मी जुन्या करारातील एका लहानशा पुस्तकाकडे वळलो. ते योनाचे पुस्तक. त्यात अवघे ४ अध्याय व ४८ वचने आहेत. एका बैठकीत वाचून संपते. देवाचे भय धरणे आणि देवाला जाणणे ह्या दोन्ही गोष्टी त्यात एकाच मनुष्याच्या तोंडी आल्या आहेत, आणि नवल असे की, दोन्ही वेळा तो मनुष्य देवाच्या इच्छेविरुद्ध वागत आहे.

कथा आपणांस ठाऊक आहेच. निनवे नगरास जाऊन तेथील लोकांना त्यांच्या दुष्टतेविषयी सावध कर, अशी आज्ञा योनाला झाली. निनवे म्हणजे अश्शूरी राज्यातील महानगर. आजच्या इराक देशातील मोसूल शहरासमोर, टायग्रिस नदीच्या पूर्व तीरावर, त्याची उकिरड्यासारखी दिसणारी टेकाडे अद्याप आहेत. १८४० नंतरच्या दशकात लेयर्ड नावाच्या इंग्रज संशोधकाने ती खणली तेव्हा राजवाड्याच्या भिंतींवरील शिलाचित्रे सापडली. त्यांपैकी लाखीश ह्या यहूदी नगराच्या वेढ्याची चित्रे आज लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बायकामुले बैलगाडीत घालून बंदिवासात नेली जात आहेत, कैद्यांची कातडी सोलली जात आहे, आणि राजा सिंहासनावर बसून हे सर्व पाहत आहे. जिंकलेल्या राजाने हे लपविले नाही. भूषण म्हणून आपल्या दिवाणखान्यात कोरून ठेवले. ह्याच अश्शूरी लोकांनी ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलाचे राज्य धुळीस मिळविले. ही कथा ऐकणाऱ्या इस्राएली मनुष्याला निनवे हे नाव ऐकताच काय वाटत असेल ह्याची कल्पना ह्यावरून करावी. योनाला भ्याड म्हणणाऱ्यांनी ती चित्रे एकदा पाहावीत.

योना उठला तो उलट दिशेने चालू लागला. निनवे पूर्वेस, तो पश्चिमेस याफो बंदरावर गेला, तार्शीशास जाणाऱ्या गलबताचे भाडे रोख भरले आणि तळाशी जाऊन निजला. वादळ उठले. खलाशी घाबरले. प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करू लागला. माल समुद्रात फेकला गेला. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात योनाचे नाव निघाले. तू कोण, कोठला, असे त्यांनी विचारले तेव्हा योनाने ठासून सांगितले की, मी इब्री आहे, आणि समुद्र व कोरडी भूमी निर्माण करणाऱ्या स्वर्गीय देवाचे मी भय धरतो.

येथे क्षणभर थांबावे. उत्तरात चूक काढण्यास जागा नाही. शास्त्राच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. परंतु ज्या देवाने समुद्र केला असे तो म्हणतो, त्याच देवापासून पळून जाण्यासाठी तो त्याच समुद्रावर गलबतात बसला आहे! ओठांवर भय आहे, खिशात तार्शीशाचे भाडे भरल्याची खूण आहे.

आता खलाशांकडे पाहा. मूळ इब्री भाषेत भिणे ह्या अर्थाचा एकच धातू ह्या पहिल्या अध्यायात चार वेळा आला आहे: ५ व्या, ९ व्या, १० व्या आणि १६ व्या वचनात. त्यांपैकी ९ व्या वचनातील भय तेवढे योनाचे. बाकी तिन्ही खलाशांचे. प्रथम ते वादळाला भ्याले. मग योनाने केलेले पलायन ऐकून अधिक भ्याले. मला समुद्रात टाका म्हणजे तो शांत होईल, असे योनाने स्वतः सांगितले, तरी त्या परक्या माणसाचा जीव जाऊ नये म्हणून ते किनारा गाठण्यासाठी वल्ही मारीत राहिले. वल्ही मारताना त्यांचे हात सोलून निघाले असतील. अखेर निरुपाय झाला तेव्हा, निरपराध्याच्या रक्ताचा दोष आम्हांवर ठेवू नको अशी देवाची करुणा भाकून, त्यांनी त्याला समुद्रात सोडले, आणि समुद्र शांत झाला. तेव्हा, म्हणजे शांत झाल्यावर, ते देवाला अत्यंत भ्याले, असे १६ वे वचन सांगते.

मी हे पुस्तक लहानपणापासून वाचीत आलो, पण हा क्रम माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. संकट गेले, लाटा निवळल्या, जीव वाचला, आता कोणी त्यांचे काही करणार नव्हते. भीती जावयाची ती वाढली. ह्याचा अर्थ हे भय वादळाच्या भीतीहून निराळ्या जातीचे आहे. आपल्या मराठीत ह्या दोहोंना दोन शब्द आहेत. एकाला आपण धाक म्हणतो. छडीचा धाक असतो, सावकाराचा असतो, पोलिसाचा असतो. धाक घालणारा वळणापलीकडे गेला की धाकही त्याच्याबरोबर जातो. धाकाने माणूस पळतो, लपतो, खोटे बोलतो. खलाशांचे शेवटचे भय हे धाक नव्हे. ज्याच्या हातात आपला जीव होता त्याने तो सोडून दिला, हे कळल्याबरोबर माणसाच्या मनाचे जे होते ते हे भय होय. त्याला निराळे नाव मला सापडत नाही.

ह्या ठिकाणी एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील काचेचे एक उपकरण कोणीतरी फोडले. मी सर्व वर्गास उभे करून म्हटले की, कोणी फोडले ते देवाने पाहिले आहे, आणि तो शिक्षा केल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा रडत माझ्या दाराशी आला व त्याने अपराध कबूल केला. माझ्या उपदेशाचा परिणाम पाहून मी मनातून संतुष्ट झालो. परंतु त्या दिवसापासून तो मुलगा प्रार्थनेच्या वेळी अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ बसू लागला. मी त्याला देवाचे भय शिकविले नव्हते. देवाचे नाव घेऊन माझाच धाक घातला होता. पालकांनीही ह्याचा विचार करावा. मुलाने ताटातील भाजी संपवावी एवढ्याकरिता आपण विश्वाच्या नियंत्याला शिपाई करून दाराशी उभे करतो, आणि पुढे मुलगा मोठा होऊन देवापासून दूर राहू लागला म्हणजे आश्चर्य करतो.

नव्या करारात ह्या कथेचा जणू पडसाद उमटला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायात गालील समुद्रावर वादळ होते, आणि तेथेही एक जण निजलेला आहे. पण तो पळून चाललेला नाही. शिष्य त्याला जागे करतात, तो वाऱ्याला धमकावतो, आणि सर्व निवांत होते. त्यानंतरच शिष्यांना अतिशय भय वाटले असे मार्क लिहितो, व हा आहे तरी कोण असे ते एकमेकांस विचारू लागले. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे शिकविले आहे, त्याचा व ह्याचा विरोध नाही. कारण कोणती भीती ते योहानाने तेथेच सांगून ठेवले आहे: जिच्यात शिक्षेची धास्ती असते ती.

आता जाणण्याविषयी. माशाची हकीकत मी मुद्दामच सोडतो. देवमाशाच्या घशातून माणूस जाईल की नाही ह्यावर मुले तासन् तास वाद घालतात; मूळ पुस्तकात देवमासा हा शब्दही नाही, केवळ मोठा मासा म्हटले आहे. योना अखेर निनवेस गेला. त्याचा संदेश ऐकून राजापासून रंकापर्यंत सर्वांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, आणि देवाने त्यांच्यावरील अरिष्ट टाळले. कोणत्याही उपदेशकास असे यश मिळाले तर तो आनंदाने नाचेल. योना संतापला. तो देवाला म्हणतो की, तू कृपाळू आहेस, दयाळू आहेस, तुला लवकर राग येत नाही, हे मी जाणून होतो. म्हणूनच मी पळालो!

हे वाक्य वाचून मन थबकते. त्याला देवाविषयी जे ठाऊक होते ते सर्व खरे होते. चुकीच्या ज्ञानामुळे तो पळाला नाही, बरोबर ज्ञानामुळे पळाला. देव क्षमा करील हे त्याला पाठ होते, आणि तीच क्षमा त्याला शत्रूच्या वाट्यास जाऊ द्यावयाची नव्हती. ठाऊक असणे आणि जाणणे ह्यांतील अंतर इतके असू शकते. आपण एखाद्याविषयी म्हणतो की, त्याला केलेल्या उपकारांची जाण नाही. त्याला उपकार ठाऊक नाहीत असा त्याचा अर्थ नसतो. त्याच्या वागण्यात ते उतरले नाहीत असा असतो. इब्री भाषेतील 'यादा' हा जाणण्याचा शब्द ह्या मराठी 'जाण'च्या फार जवळचा आहे. एलीचे पुत्र मंदिरात याजकाचे काम करीत, तरी ते परमेश्वराला जाणत नव्हते असे शमुवेलाचे पुस्तक स्पष्ट सांगते. होमाचे मांस ते दांडगाईने लोकांकडून हिसकावून घेत. यिर्मया संदेष्टा तर यहोयाकीम राजाला बजावतो की, तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, हेच देवाला जाणणे होय. यहोयाकीम त्या वेळी मजुरांस मजुरी न देता गंधसरूची तक्तपोशी लावलेला वाडा बांधीत होता.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होईल. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. शास्त्रे त्यांना ठाऊक होती, ख्रिस्ती मताचा अभ्यासही त्यांनी कसून केला होता. तरीसुद्धा पुढे आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोचपणे लिहिले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो आणखी सुमारे आठ वर्षांनी सापडला. एवढ्या विदुषीने हे कबूल करावे, ह्याचे मला फार मोल वाटते. नंतर ह्याच बाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तीसदनात दुष्काळातील मुली, विधवा व अंध स्त्रिया ह्यांच्यामध्ये राहून त्या हे काम करीत होत्या.

अंध म्हटल्यावर लेवीय ह्या पुस्तकातील एक आज्ञा सांगितल्यावाचून राहवत नाही. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, आणि आपल्या देवाचे भय बाळगावे, अशी ती आज्ञा आहे. ही तिन्ही एकत्र का? बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. तेथे धाक चालतच नाही, कारण पकडणारा कोणी नाही. जेथे धाक संपतो तेथेच भयाचे नाव शास्त्राने घेतले आहे, आणि घेतले तेही स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या माणसाच्या बाजूने. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गात असा बहिरा व असा आंधळा कोण आहे ते पाहावे. पाठीमागे ज्याची टवाळी होते आणि ज्याला ती कळत नाही, असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो.

योनाच्या पुस्तकाचा शेवट विलक्षण आहे. रागावलेला योना नगराबाहेर मांडव घालून, निनवेचे आता काय होते ते पाहत बसला. देवाने एका रात्रीत एक झाड उगवून त्याच्यावर सावली केली. ते तुंबीचा वेल होते की एरंड, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहे. योनाला फार आनंद झाला. साऱ्या पुस्तकात तो येथेच काय तो आनंदी दिसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे किड्याने झाड कुरतडले, ते वाळले, ऊन डोक्यावर आले, आणि योना मरण मागू लागला. तेव्हा देवाने त्याला विचारले: जे तू लावले नाहीस, वाढविले नाहीस, त्या झाडाची तुला एवढी हळहळ वाटते, तर ज्यांना आपला उजवा हात कोणता व डावा कोणता हेही कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे ज्यात आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्या निनवेची मला हळहळ वाटू नये काय?

तेथेच पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. पुढच्या तासाला मी ही कथा नववीच्या वर्गात वाचून दाखविली, आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्या मुलाने पुन्हा हात वर केला. "गुरुजी," तो म्हणाला, "देवाने गुरेढोरेसुद्धा मोजली?"