घरातील बैठकीची स्वच्छता व पाकी

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे अंथरूण चामड्याचे होते व त्यात खजुरीच्या झाडाचा काथ्या भरलेला होता, असे माननीय आयशा (र.) यांनी निवेदन केले आहे. घरात लावलेला चित्रांचा पडदा प्रेषितांना (स.) रुचला नाही, तेव्हा माननीय आयशा (र.) यांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या, हेही हदीसग्रंथांत नमूद आहे. म्हणजे गादी व उशी त्या पवित्र घरातही होतीच. आज काथ्याची जागा फोमने घेतली आहे आणि चामड्याच्या जागी मखमल, शेनील व पॉलिएस्टर आले आहे. वस्तू बदलल्या, परंतु त्या पाक ठेवण्याची जबाबदारी बदललेली नाही.

काही दिवसांपूर्वी कोंढव्यातील एका भगिनीने दर्सनंतर एक प्रश्न विचारला. त्यांच्या वृद्ध सासूबाईंचा लघवीवर ताबा राहत नाही. दोनदा सोफ्यावरच तसे घडले. तेव्हापासून घरच्यांनी त्यांच्यासाठी दाराजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आता सासूबाई दिवाणखान्यात येणेच टाळतात. भगिनीचा प्रश्न एवढाच होता की, सोफा धुता येत नाही, पिळता येत नाही, मग तो पाक कसा करावा? या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक सोफ्याची आणि दुसरी सासूबाईंची. दोहोंचा विचार करू.

स्वच्छ आणि पाक

स्वच्छ व पाक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत भेद आहे. चहाचा डाग पडलेला सोफा अस्वच्छ असतो, नापाक नसतो. याउलट लघवी वाळून गेलेला, डाग न दिसणारा सोफा डोळ्यांना स्वच्छ वाटतो, तरी तो पाक झालेला नसतो. जमीन वाळली व नजासतीचा मागमूस उरला नाही की ती पाक होते, असे हनफी विद्वानांचे मत आहे. कापड, गादी व सोफा यांना मात्र ही सवलत लागू होत नाही. अत्तर शिंपडल्यानेही नजासत जात नाही. तिथे पाणीच हवे.

हनफी फिक्हनुसार न दिसणारी नजासत तीन वेळा धुवावी व दर वेळी वस्तू पिळावी. जी वस्तू पिळता येत नाही, ती दर वेळी पाणी ठिबकणे थांबेपर्यंत तशीच ठेवावी. असे तीनदा केले की ती पाक झाली. कोकणातून येऊन पुण्यात स्थायिक झालेली अनेक कुटुंबे शाफई आहेत. त्यांच्या फिक्हनुसार नजासतीचा मूळ अंश काढून टाकल्यावर त्या जागेवर एकदा पुरेसे पाणी ओतले तरी पुरते. प्रत्येकाने आपल्या फिक्हनुसार आचरण करावे व दुसऱ्याच्या आचरणावर बोट ठेवू नये.

अद्याप अन्न न खाणाऱ्या एका बाळाने प्रेषितांच्या (स.) कपड्यावर लघवी केली, तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडले, असे उम्मे कैस (र.) यांचे निवेदन आहे. या आधारे शाफई विद्वान केवळ दूध पिणाऱ्या मुलाच्या लघवीसाठी पाणी शिंपडणे पुरेसे मानतात. हनफी विद्वान तिथेही धुण्यास सांगतात.

प्रत्यक्ष कृती

प्रथम सोफ्याच्या खाली किंवा गादीच्या शिवणीत लावलेली पट्टी पाहावी. तिच्यावर ‘डब्ल्यू’ असल्यास पाण्याने स्वच्छता चालते, ‘एस’ असल्यास पाणी चालत नाही, दोन्ही अक्षरे असल्यास दोन्ही प्रकार चालतात आणि ‘एक्स’ असल्यास केवळ व्हॅक्यूम वा ब्रशने धूळ काढावी. स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेल्या सोफ्याला अशी पट्टी बहुधा नसते. तेव्हा मागच्या बाजूस, न दिसणाऱ्या जागी ओला पांढरा कपडा दाबून पाहावा. रंग उतरला नाही तर पुढे जावे.

१. लघवी झाल्याबरोबर जुना, कोरडा टॉवेल दाबून ओल टिपून घ्यावी. घासू नये. घासल्याने ओल फोमच्या आत व आजूबाजूस पसरते.

२. गार पाण्यात थोडा सौम्य द्रव साबण मिसळून ती जागा कडेकडून मध्याकडे पुसावी. लघवी, रक्त वा दूध यांवर गरम पाणी वापरू नये. त्याने डाग व वास पक्का बसतो.

३. गादी सुटी होत असेल तर न्हाणीघरात न्यावी. डागापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर साधे पाणी ओतावे, हाताने दाबावे आणि गादी कडेवर उभी करून पाणी ठिबकू द्यावे. ठिबकणे थांबले की पुन्हा पाणी ओतावे. असे तीनदा करावे.

४. गादी सोफ्यालाच ठोकलेली असेल तर थोडे थोडे पाणी ओतून दर वेळी नव्या, कोरड्या टॉवेलने दाबून काढावे. पाणी ओढून घेणारे व्हॅक्यूम यंत्र भाड्याने मिळाल्यास काम अधिक चांगले होते. वापरलेले टॉवेलही धुऊन पाक करावेत.

५. सोफा पूर्ण वाळल्यावर वास उरला असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा व सकाळी झटकावा. पांढरा सिरका दुप्पट पाण्यात मिसळून शिंपडल्यानेही वास कमी होतो. मात्र सिरका व ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

धुतल्यानंतरही फिकट डाग उरला तर मन खट्टू करू नये. कपड्यावरील रक्ताच्या डागाविषयी विचारले असता, पाण्याने धुणे पुरेसे आहे व उरलेल्या खुणेने काही बिघडत नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे.

नित्याची निगा

झोपण्यापूर्वी अंथरूण कपड्याच्या टोकाने झटकावे, कारण आपल्या पश्चात त्यावर काय आले हे आपणांस ठाऊक नसते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सोफ्यालाही हेच लागू आहे. आठवड्यातून एकदा गाद्या उचलून शिवणी व कोपरे व्हॅक्यूमने वा ब्रशने साफ करावेत. तिथे बिस्किटांचा चुरा, केस व धूळ साचते आणि दम्याच्या रुग्णास तिचा त्रास होतो. सालनाचे तेल सांडल्यास आधी टाल्कम पावडर टाकून ते शोषून घ्यावे, मग साबणाचे पाणी लावावे.

पुण्याच्या पावसाळ्यात जाड फोम लवकर वाळत नाही आणि ओल राहिली की बुरशी धरते. म्हणून त्या दिवसांत कमीत कमी पाण्यात काम करावे, गादी उभी ठेवावी, पंखा लावावा व खिडकी उघडी ठेवावी. कडक उन्हात रंग उडतो, यास्तव उलटी बाजू उन्हाकडे करावी. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवते. शेवटचे पाणी शक्यतो नळाचे घ्यावे.

उन्हाळ्यात अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल सुमारे एवढ्या पाण्यात, वुजू करीत असत. पाकीच्या नावाखाली बादल्यांमागून बादल्या ओतणे ही पाकी नव्हे, इस्राफ आहे.

सर्वांत सोपा उपाय मात्र आधीच करून ठेवण्याचा आहे. बैठकीवर मेणकापड, त्यावर गोधडी वा जाड सुती चादर पसरावी. मग धुवायची ती केवळ चादर.

शंकांचे ओझे

काही घरांत एकदा सोफा नापाक झाला की सारे घरच नापाक समजले जाते. हा वस्वसा आहे. नजासत वाळलेली असेल आणि बसणाऱ्याचे कपडेही कोरडे असतील तर कपडे नापाक होत नाहीत. नजासत लागल्याची खात्री नसेल तर वस्तू पाकच समजावी. गुडघेदुखीमुळे बसून नमाज अदा करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी वाळलेल्या जागेवर जाड व पाक जा-नमाज पसरावी. पाणी न चालणाऱ्या कापडाबाबत जवळच्या आलिमांना विचारावे व तोवर अशीच जाड चादर घालावी.

आता सासूबाईंविषयी

एका ग्रामीण अरबाने मशिदीत लघवी केली, तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले, त्याला पूर्ण होऊ दिले आणि त्या जागेवर बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले. तुम्हांस लोकांना सुलभता देण्यासाठी पाठविले आहे, अडचणीत टाकण्यासाठी नव्हे, असेही ते म्हणाले. ती मशीद होती. आपला तर सोफा आहे.

त्या वृद्धेकडून जे घडले ते आजाराने घडले. त्यात तिचा काहीच दोष नाही. दिव्य कुरआनने वृद्ध माता-पित्यांसमोर ‘उफ्’सुद्धा उच्चारण्यास मनाई केली आहे. सासूबाई पतीची जननी आहेत. त्यांचा मान राखणे पतीच्या आज्ञापालनाचाच भाग आहे. तोंडाने ‘उफ्’ म्हटले नाही, पण दाराजवळची खुर्ची रोज तेच म्हणत असेल तर? सोफ्यावरील नजासत तीन वेळच्या पाण्याने जाते. आपल्याच घरात आपण नकोसे झालो आहोत ही वेदना मात्र कोणत्याही पाण्याने धुतली जात नाही.

म्हणून त्या भगिनीस दिलेले उत्तर असे होते: सोफा वरील पद्धतीने पाक करा. त्यावर मेणकापड व चादर घाला. डॉक्टरांना दाखवा, कारण अनेकदा या त्रासावर उपचार असतो. दर दोन-तीन तासांनी त्यांना आठवणीने न्हाणीघरात न्या. आणि हे काम एकट्या सुनेवर टाकू नका. आईच्या सेवेचे पहिले कर्तव्य पुत्राचे आहे. मग ती प्लॅस्टिकची खुर्ची उचला, सासूबाईंचा हात धरा आणि त्यांना त्यांच्या जागेवर बसवा.

बैठक माणसांसाठी असते. ती पाक ठेवायची ती कोणाला तिच्यावरून उठविण्यासाठी नव्हे, तर सर्वांना निःशंकपणे तिच्यावर बसता यावे म्हणून. अल्लाह आपली घरे, आपली वस्त्रे व आपली अंतःकरणे पाक ठेवो आणि आपल्या वडीलधाऱ्यांची सेवा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.